पुण्याच्या कार्यक्रमाचा शेवट

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच — तिथं आपण मागायलाच जातो. आता तुम्हाला सांगतोय. पण मला सरळ सांगायची सवय नाही, तेव्हा जरा फिरून येईन. दम धरा.

मांजरसुंब्याला माझं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. वरच्या खोलीत जुना टेपडेक, आणि रविवारी दुपारी आम्ही चार-पाच पिकल्या डोक्याची माणसं तिथं जमतो. कशाला? विलायती रॉक ऐकायला. हसू नका. बीड जिल्ह्यातही होते असे येडे! इंग्रजीत काठावर पास, आणि गाणी तोंडपाठ. अर्थ विचाराल तर — अर्थ कुणाला पाहिजे होता? गिटार कडाडली की अंगावर काटा यायचा, बास. आमचे वडील म्हणायचे, कुणाला मारायलेत रे, कशापायी बोंबलतंय ते?

त्यातली एक कॅसेट म्हणजे आमचा जीव की प्राण. सिद्धार्थनं बीडच्या दुकानातून भरून आणलेली. तेव्हा कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून द्यायचे. फीत कमी, गाणी जास्त. त्यामुळं शेवटचं गाणं ऐन रंगात यायचं आणि खट्ट — फीत खलास. पुढं काय होतं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सिद्धार्थला तर त्यापायी चैन पडायचं नाही.

सिद्धार्थ इथल्याच जवळच्या पाली गावचा, माझा कॉलेजातला दोस्त. भीमजयंतीला त्यांच्या वस्तीतली गायन पार्टी गायची, त्यात हा बेंजो वाजवायचा. विलायती गिटारीचे तुकडे बेंजोवर असे काढायचा की विहारासमोर बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा वळून बघायच्या.

मग ते शेवटचं गाणं ज्या बँडचं, तोच पुण्याला यायचा झाला. सिद्धार्थचे मामा पुण्याला नोकरीला, त्यांनी कसाबसा एक पास मिळवून पाठवला. आणि तारीख? नेमकी जयंतीची संध्याकाळ. पार्टीत दुसरा बेंजोवाला नव्हता. पास आला त्याच दिवशी त्यानं तो माझ्या हातात ठेवला.

"जयंतीला बेंजो सोडून म्या न्हाई जाणार. तू जा बे बाळू. माझ्या जागंवर उभा राह्य, अन् त्या गाण्याचा शेवट तेवढा घेऊन ये."

गेलो. हे खरं आहे. पुण्याला गेलो, मैदान गाठलं, रांगेत उभाही राहिलो. आईनं इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा, डोक्याला तेल. आणि भोवती? काळे बनियन, लांब केस, फाडफाड इंग्रजी. पुढच्या मुलीनं वळून मला काहीतरी विचारलं. कुठलं गाणं आवडतं, असंच असणार. मला सगळी गाणी येत होती हो! पण तोंडून शब्द निघेना. मागं कोणीतरी हसलं. मलाच हसलं का? माहीत नाही. आजही माहीत नाही. पाणी पिऊन येतो म्हणालो, तेही मराठीत, आणि रांगेतून बाहेर पडलो. मागं वळून बघितलं नाही. थेट एसटी स्टँड गाठला. आत एक सूरही वाजायच्या आधी मी बीडच्या गाडीत बसलो होतो.

पासाचा कोपरा मी स्वतःच फाडला. गेटावर फाडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सिद्धार्थ माझ्या दारात. जयंतीच्या मिरवणुकीतली नीळ अजून कानामागं लागलेली. काय झालं, कसं झालं, शेवट काय होता? त्या तोंडाकडं बघून खरं सांगायला पाहिजे होतं ना? मी सांगितलं की सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी गिटार वाजत राहते. चाल कशी, म्हणाला. मला सूर कुठला लागतोय! मी हातानं दाखवलं — अशी खाली, मग वर, मग आणखी वर. त्यानं बेंजो घेतला, बराच वेळ चाचपडला, आणि एक चाल काढली. अशी चाल की माझे डोळे भरून आले.

"असंच होतं ना बे?"

अगदी असंच, म्हणालो मी.

तेव्हापासून दर जयंतीला तो शेवट वाजतो. वस्तीतली पोरं त्याला विलायती शेवट म्हणतात, फर्माईश करतात. सिद्धार्थ मला चारचौघांत पुढं करायचा — ह्यानं डोळ्यानं बघितलंय. आणि मी, नालायक, मिटक्या मारत सांगायचो. दर वेळी थोडं वाढवून.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कुणीतरी इंटरनेटवर टाकलंय, म्हणाला. त्यानं ऐकलं नव्हतं, माझ्यासाठी थांबला होता. रविवारी सगळ्यांच्या आधी आला, मोबाइल टेबलावर ठेवला. तेव्हा मी सांगितलं. रेकॉर्डिंग सापडलं नसतं तर सांगितलं असतं का? नसतं.

तो खिडकीतून हायवेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी माझी जागा रिकामीच राह्यली व्हय?"

हो, म्हणालो. आणखी काय म्हणणार? शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दिली नाही. मोबाइलचं बटण दाबलं.

आम्ही दोघंही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. सगळ्यात शेवटी ते गाणं आलं. आमची फीत जिथं संपायची ती जागा आली, दोघंही पुढं झुकलो. आणि पुढं? ड्रमचे दोन ठोके, संपलं. एकटी गिटार नाही, काही नाही. सिद्धार्थनं परत लावलं. परत दोन ठोके.

"मंग त्यो शेवट कुणाचा हाय?"

"तुझा," मी म्हणालो.

त्याची जागा मी फुकट घालवली हे मला सतत ठाऊक होतं. पण त्याची स्वतःची चाल एवढी वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर वाजवायला लावली, हे तेव्हा कळलं. टेबलाच्या कडेवर सिद्धार्थची बोटं हलायला लागली. तोच शेवट. सावकाश, एकेक सूर तपासून बघत, जणू आता कुठं हातात आलाय. तोंडावरचा राग गेला नव्हता, पण बोटं थांबत नव्हती.

जिन्यावर बाकीच्यांची पावलं वाजली तेव्हा तो उठला.

"येत्या जयंतीला पालीला यायचं. माईकवरून सांगायचं, चाल कुणाची हाय ते. अन् तू गेटावरून पळाला ते बी. सगळ्या वस्तीसमोर."

येतो, म्हणालो.