लिंबाचे चार ओंडके

फळी दाखवायची झाली की तो आधी तिच्यावर अंगठ्याचं नख दाबायचा. नख रुतलं की गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायचा, "मऊ हाय. खोटं न्हाई." मग विचारायचा, "बसायचं हाय का ठिवायचं?" म्हणजे या फळीवर माणूस बसणार की सामान राहणार. याचं उत्तर मिळेपर्यंत तो भाव सांगत नसे. पुष्कळ गिऱ्हाइकं तेवढ्यात उठून जात. त्याचं त्याला काही वाटत नसे.

मी पंचायत समितीत कारकून म्हणून गेवराईला बदलून आलो तेव्हा मला घरी भांड्यांची मांडणी करून घ्यायची होती. सागवान माझ्या पगारात बसत नव्हतं. कचेरीतला शिपाई म्हणाला, "हायवेला चेअरमनकडं जा, स्वस्त मिळंल." चेअरमन म्हणजे साखर कारखान्याचेच असणार, या समजुतीने मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पत्र्याच्या शेडखाली बनियनवर एक माणूस खोक्याचे खिळे उपसत बसला होता. उपसलेला प्रत्येक खिळा तो दगडावर ठोकून सरळ करत होता. तोच चेअरमन.

आणि तो खरोखरच चेअरमन होता. सहकारी कारखान्याची यंत्रं देवदारच्या खोक्यांतून यायची. ती खोकी स्वस्तात मिळावीत म्हणून गावात लाकूड कामगारांची सहकारी संस्था निघाली होती. सभासदांत दोन सुतार होते, एक शिंपी होता आणि उरलेले याचे मेव्हणे होते. चेअरमन कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. याचं लक्ष लाकडाकडे होतं, त्यामुळे मान खाली घालायची राहून गेली आणि हा बिनविरोध निवडून आला.

माझी मांडणीची गरज ऐकून तो म्हणाला, "पितळंचं वजन देवदारला झेपायचं न्हाई, भाऊसाहेब. चौसाळ्याला आंब्याच्या फळ्या स्वस्त भेटतेत. तिकडं जा." दुकानदाराने मला दुसऱ्याच्या दुकानात धाडण्याचा हा माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग. मी चौसाळ्याला गेलो, फळ्या आणल्या आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. काही विकत घ्यायचं नसलं तरी त्यांच्या दुकानात जाऊन बसावंसं वाटतं.

शेडच्या मागेच त्याचं घर होतं. त्या घराला दार नव्हतं. चौकट होती, आणि चौकटीला एक पत्रा टेकवून ठेवलेला असे. तो सरकवताना असा काही आवाज व्हायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. त्याची बायको चहा घेऊन यायची आणि मला ऐकवायची, "अख्ख्या तालुक्याला फळ्या देतेत, आन आपल्या घराला आठ वरसं झालं पत्रा!"

यावर चेअरमन म्हणायचा, "भिजतंय."

दार भिजत होतं. वादळात पडलेला एक जुना कडुलिंब त्याने घेतला होता. त्याचे चार ओंडके करून, दगड बांधून, चकलांब्याकडे एका दोस्ताच्या शेतातल्या विहिरीत सोडले होते. कच्चा लिंब तडकतो. दोन वर्षं पाण्यात, मग एक वर्ष सावलीत, आणि मग दार, असा त्याचा हिशेब होता. खोक्याच्या फळ्यांचं दार त्याने दोन दिवसांत केलं असतं. पण ते म्हणे ठेवायचं लाकूड, अडवायचं नव्हे.

एक वर्ष झालं आणि पावसाने दगा दिला. कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नाही. खोकी यायची बंद झाली. शेड रिकामं झालं, तेव्हा चेअरमन सरळ केलेलेच खिळे पुन्हा तपासू लागला. माझी नेमणूक टंचाई शाखेत झाली. कोणत्या वस्तीला टँकरच्या किती खेपा आणि टँकर कोणत्या विहिरीत ओतायचा, हे आदेश मी टाइप करायचो. सही साहेबांची असायची.

चकलांब्याकडच्या एका वस्तीतून अर्ज आला की टँकरचं पाणी कडू लागतंय. ड्रायव्हर चांगलं पाणी वाटेत विकतो आणि आम्हाला कुठल्या तरी डबक्यातलं आणून ओततो, असं लिहून खाली बायकांचे अंगठे होते. साहेबांनी ड्रायव्हरला घरी बसवलं आणि चौकशी होईपर्यंत टँकर थांबवला. ड्रायव्हरला लहान पोरं होती. वस्तीला दुसरं पाणी नव्हतं.

पाण्याचा नमुना आणायला मलाच धाडलं. येताना मी शेडवर थांबलो आणि बाटली फळीवर ठेवली. चेअरमनने तळहातावर थोडं पाणी घेतलं आणि तोंडात घातलं.

"कुटल्या हिरीचं?"

मी सांगितलं. बराच वेळ त्याने ते पाणी गिळलंही नाही आणि थुंकलंही नाही.

"लिंब हाय," तो म्हणाला. "आपलाच हाय."

विहिरीचा मालक, त्याचा दोस्त, बायकापोरांसह परजिल्ह्यात ऊसतोडीला गेला होता. विहिरीत काय आहे हे वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. विहीर खोल म्हणून आम्ही ती ताब्यात घेतली होती आणि तळाच्या गढूळ पाण्यात बुडालेल्या ओंडक्यांवर रोज टँकर ओतत होतो. तो आदेश मीच टाइप केला होता.

मी म्हणालो, "गुपचूप काढून घेऊ. पाणी गोड झालं की प्रकरण आपोआप मिटेल."

"आन डायवर?"

मी बाटलीला बूच लावलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तो टोपी काढून उभा राहिला. "लाकडं माझी हाईत. डायवरचा काई दोष न्हाई," म्हणाला. एका म्हातारीने त्याला अशा शिव्या दिल्या की कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर गाडीतून उतरून ऐकायला आला. लाकडं कशासाठी, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. बाप्ये ऊसतोडीला गेलेले, म्हणून ओंडके बायकांनीच दोराने ओढून वर काढले. ओल्या पोत्यांत गुंडाळून ते गोदावरीच्या एखाद्या डोहात नेऊन टाकायचे, असं त्याच्या मनात होतं.

विहीर उपसून झाल्यावर थांबवलेला टँकर आला. पाणी पडताच सगळ्या बायका काठाशी धावल्या. काठाचे दगड सुटलेले होते. एकीचा पाय घसरला आणि ती कमरेपर्यंत आत गेली. दोघींनी दंडाला धरून तिला वर ओढलं. ती उठली, पदर खोचला आणि पुन्हा पोहरा सोडू लागली.

चेअरमन ते बघत होता. मग मला म्हणाला, "भाऊसाहेब, करवती आणायला जीप देता का?"

मला सगळं कळलं. तरी मी त्याचाच प्रश्न त्याला विचारला, "बसायचं हाय का ठिवायचं?"

"हुबं ऱ्हायचं हाय," तो म्हणाला.

संस्थेतल्या दोन्ही सुतारांना घेऊन त्याने दोन दिवस काम केलं. विहिरीच्या तोंडावर त्याच लिंबाच्या आडव्या तुळया, वर फळ्या आणि पुढे कमरेएवढा कठडा. मी अहवालात कडूपणाचं कारण 'पालापाचोळा' असं लिहिलं. नोकरीत लिहिलेलं तेवढं एकच खोटं मला अजून आवडतं. ड्रायव्हर पुन्हा कामावर आला.

परत येताना मी विचारलं, "वहिनींना काय सांगाल?"

"सांगायचं काय? पत्रा हाय की."

मला त्याचा राग आला. हा माणूस आपल्याला फार आवडतो हेही त्याच वेळी कळलं, आणि त्यामुळे राग आणखी वाढला.

पुढे पाऊस झाला, कारखाना पेटला, खोकी आली. चेअरमनने पुन्हा कधी विहिरीत लाकूड टाकलं नाही. लोकांच्या पाण्याची आता भीती वाटते, म्हणायचा. काही वर्षांनी छातीत कळ येऊन तो गेला. माझी बदली तोवर बीडला झाली होती. मी दहाव्याला पोहोचलो, तेव्हा शेडसमोर एक ट्रॅक्टर उभा होता. त्या वस्तीतल्या बायका आल्या होत्या. त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. "लाकूडवाल्याचं घर" विचारत आल्या होत्या.

ती शिव्या देणारी म्हातारी पुढे होती. ती चौकटीपाशी थांबली, पत्र्याकडे बघितलं आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "बाई, लाकूडवाल्याचं घर, आन दार कावून न्हाई?"

"तुमच्या हिरीवर हाय," त्याची बायको म्हणाली.

म्हातारीने पत्रा दोन्ही हातांनी उचलला, आवाज होऊ न देता बाजूला ठेवला आणि आत गेली.