बमरोलीचा खिळा

एखादी वस्तू इथून तिथं न्यायची झाली, तर ती न्यायची एकच बरोबर पद्धत या पृथ्वीतलावर असते आणि ती आमच्या साडूंना ठाऊक असते. बाकी आपण सगळे नुसते हेलपाटे घालत जगतो. हे मी थट्टेनं म्हणत नाही. निदान ते समोर असताना तरी नाही. धुळ्याच्या कॉलेजात गणितात एम.एस्सी. केलेला हा माणूस प्राध्यापक व्हायचा, तो नव्वदच्या आसपास सुरतेला आला आणि पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये डिस्पॅचला चिकटला. लूम्सच्या खात्यांवरून, म्हणजे मागांच्या शेडांवरून, कोरं कापड गोळा करायचं, रंगवून झालं की मार्केटला पोचवायचं, आणि या दोहोंत टेम्पो कमीत कमी रिकामा पळवायचा, हे त्यांचं काम. शेठनं त्यासाठी एक कॉम्प्युटर आणला होता, पण त्यावर शेठचा भाचा दिवसभर पत्ते खेळायचा. साडूंनी मग प्लायवूडचा एक तुकडा घेतला, प्रत्येक खात्याच्या जागी एक खिळा ठोकला आणि खिळ्यांभोवती दोरा फिरवफिरवून सर्वांत आखूड फेरी शोधायला सुरुवात केली. सोबत कागदावर लिनियर प्रोग्रॅमिंग चालायचंच. त्यातलं शेठला ओ की ठो कळत नसे. तो एवढंच विचारायचा, "प्रोफेसर, डीझल बच्युं ने?" डिझेल खरोखरच वाचत होतं, त्यामुळे खिळ्यांना कुणी हरकत घेतली नाही.

गणित मिलमध्ये ठेवून घरी यावं, तर तेही नाही. आम्ही नवागामची खोली सोडून दिंडोलीत त्यांच्याच सोसायटीत राहायला आलो, तेव्हा सामान हलवायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. सकाळपासून नुसती मापं. कपाट आडवं, त्यात पिंप, पिंपात उशा, उशांमध्ये बरण्या. माझी बायको दारात उभी राहून सारखी विचारत होती की बाई, हे चाललंय तरी काय? पण कबूल केलं पाहिजे, सगळा संसार एकाच खेपेत मावला. फक्त तो इतका नेमका मावला होता की सगळं बाहेर काढल्याशिवाय काहीच बाहेर निघेना, आणि स्टोव्ह होता तळाशी. त्या दिवशी आम्ही दुपारचं जेवण संध्याकाळी जेवलो. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. जेवणाची अट मी आधी सांगितलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. अट हा त्यांचा लाडका शब्द. पाहुणा घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याची परतीची गाडी, त्याचं पथ्य आणि त्याचा बाजारहाट, सगळ्या अटी विचारून घेत, आणि मग त्या बिचाऱ्याचा दिवस असा काही बसवून देत की त्याला बसायला म्हणून वेळ मिळत नसे.

बोलायचेही छापील. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमच्या अक्का, घरात अहिराणी बोलायच्या, मुलगी अर्धी गुजराती. हे मात्र दोघींच्या मध्ये बसून पुस्तकातलं मराठी बोलत. गणित अहिराणीत नीट बसत नाही म्हणायचे. आणि जगात त्यांचा एकच वैरी होता. रेल्वेचं फाटक. दिंडोलीतून कुठंही निघा, फाटक आडवं. मालगाडी गेली की पाठोपाठ पॅसेंजर. फाटकाशी थांबलं की साडू मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरत आणि वाया चाललेला वेळ मोठ्यानं सांगत राहत. शेजारच्या रिक्षातली माणसंसुद्धा कानकोंडी होत.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न. मांडव दिंडोलीत, वऱ्हाड बमरोलीचं आणि आजूबाजूचं, गाडी एकच, मिलच्या स्टाफची मॅटाडोर. साडूंनी फळीवर खिळे ठोकले. लांबचे आधी आणायचे, वाटेवरचे शेवटी, म्हणजे कुणीच उगाच ताटकळत बसणार नाही. व्याह्यांचं घर मुख्य रस्त्यावर, अगदी वाटेवर. सबब ते शेवटी. नवरदेव मारुतीच्या पारावर कधीच पोचला होता आणि इकडे त्याचा बाप फेटा बांधून, अत्तर लावून ओट्यावर उभा. डोळ्यांदेखत मॅटाडोर जाते आहे. आधी नवरदेवाच्या मावश्या गेल्या, मग बँडवाले, मग आचाऱ्याची पातेली गेली. शेवटच्या खेपेला गाडी दारात थांबली, तेव्हा तीत बर्फाच्या लाद्या होत्या, कारण बर्फ वितळू नये म्हणून तोही शेवटीच आणायचा होता. व्याही मांडवात उतरले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. लग्न अगदी मुहूर्तावर लागलं, हे साडू आजही सांगतात.

व्याही त्या दिवशी काही बोलले नाहीत. बोलले आखाजीला. आखाजी म्हणजे आम्हा खान्देशवाल्यांचा लेकींचा सण. दिवाळी एक वेळ सासरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी पाहिजे, झोक्यावर पाहिजे, आमरसाच्या ताटावर पाहिजे. व्याह्यांनी निरोप धाडला की मुलीच्या बापानं येऊन चूक झाली म्हणावं, तोवर सून आखाजीला यायची नाही. एवढंच म्हणायचं होतं हो! मी समजावलं, बायकोनं समजावलं, अक्कांनी तर बोलणंच टाकलं. साडूंचं उत्तर ठरलेलं, "चूक असती तर मान्य केली असती. मांडणी बरोबर होती." कुणी कितीही डोकं फोडलं तरी ते याच्यापुढे जात नसत. अक्का लेकीला बाजारात भाजी घेता घेता भेटून यायच्या आणि घरी येऊन तोंड फिरवून बसायच्या.

सोसायटीच्या लेकी सुरतेतच चहूकडे दिलेल्या. त्यांना आखाजीला गोळा करून आणायचं काम साडूंकडेच असे. शेठ सुटीच्या दिवशी मॅटाडोर देई आणि सोबत म्हणून मी जात असे. फेरी दोऱ्यावर बसवलेली: लांबच्या आधी, शेवटी बमरोली, आणि फाटक उघडं असतानाच परत. बमरोलीत गाडी व्याह्यांच्या दारासमोर थांबायची. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. व्याही ओट्यावर पेपर वाचत असायचे, ते मान वर करायचे नाहीत. आत पडदा हलायचा. साडू घड्याळ बघायचे आणि "चला" म्हणायचे. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची जागा रिकामीच परत यायची. पोरी मांडीवर पोरं आणि पोरांच्या मांडीवर पिशव्या घेऊन दाटीवाटीनं बसलेल्या, पण ती जागा कुणाला मिळत नसे. एकीनं एकदा तिथं कैऱ्यांची टोपली ठेवली, तर साडूंनी ती उचलून घरापर्यंत स्वतःच्या मांडीवर धरली. या फेरीत बमरोली आडवाटेला होती; बमरोलीचा खिळा काढला तर दोरा केवढा आखूड होतो, हे ड्रायव्हरलासुद्धा कळत होतं. दर वर्षी हेच. मला त्या माणसाचा राग यायचा आणि त्याच्याकडे बघवायचंही नाही.

मग एका आखाजीला गाडी सोसायटीतून निघाली आणि साडू ड्रायव्हरला म्हणाले, आधी बमरोली. मला वाटलं, चुकून म्हणाले. फेरी उलटी फिरवली तर अंतर तेवढंच, पण वाटेत बाजाराची गर्दी लागून उशीर होणार, परतताना फाटक हटकून बंद, आणि बाकीच्या पोरी आपापल्या दारात उन्हात तिष्ठणार, हे त्यांनीच मला कितीदा समजावलं होतं. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "होऊ द्या उशीर." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. व्याही नुकतेच ओट्यावर येऊन बसले होते, पेपरही उघडला नव्हता. मॅटाडोर थांबली. या वेळी साडू खाली उतरले. व्याह्यांनी गाडीकडे पाहिलं. सगळी बाकं मोकळी. एक माणूस नाही, एक पिशवी नाही.

"आम्ही पहिले?" त्यांनी विचारलं.

"पहिले," साडू म्हणाले.

एवढंच. चूक झाली हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत, पण उलटी फेरी ही या माणसाच्या लेखी काय चीज आहे, हे व्याह्यांना त्या ओल्या धोतरापासून ठाऊक होतं. त्यांनी आत तोंड करून सुनेला हाक मारली आणि आम्हाला चहा घ्यायला लावला. पोरगी पिशवी घेऊन बाहेर आली, गाडीत चढली आणि एवढ्या मोकळ्या गाडीत कुठं बसावं ते तिला कळेना. साडूंनी खिडकीकडे बोट केलं. "बस बेटा," ते म्हणाले, "तुनी जागा शे." अहिराणीत म्हणाले. मी बाहेर बघू लागलो.

पुढं व्हायचं तेच झालं. पोरी उन्हानं लाल झालेल्या, एक तर रागानं परत घरात जाऊन बसलेली. आणि परतीला फाटक बंद. मी सवयीनं साडूंच्या मनगटाकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात लेकीची पिशवी धरण्यात गुंतले होते आणि ती खिडकीत बसून त्यांना सासरच्या म्हशीची काहीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती. मालगाडी गेली, पाठोपाठ पॅसेंजर गेली. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले, ड्रायव्हरनं गाडी चालू केली. साडू त्याला म्हणाले, "थांब रे, तिचं होऊ दे."

आता त्या फाटकावर पूल झाला आहे. झाला तेव्हा मी मुद्दाम त्यांना स्कूटरवर बसवून वरून घेऊन गेलो. म्हटलं, साडूभाऊ, गेला एकदाचा तुमचा वैरी. ते मागे बसून खालच्या रुळांकडे बघत होते. स्कूटर पूल उतरली. मग म्हणाले, चांगला आहे पूल, वेळ वाचतो. आणि मागं वळून पुलाकडे बघत म्हणाले, "पण यावर गाडी थांबत नाही."