व्हर्लिन गिड्रीची सही

वादळाची चाहूल लागली की लेक चार्ल्स गावातले लोक खिडक्यांना फळ्या ठोकतात. व्हर्लिन गिड्री दाढी करायचा. तो विम्याच्या दाव्यांचा तपासनीस. कुणाचं छप्पर वाऱ्याने गेलं आणि कुणाचं म्हातारपणाने, हे ठरवायचा सरकारी परवाना त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात लटकत असे. चर्चमध्ये प्रार्थनेलाही तो उतरवत नसे. देवाने तरी ओळखावं, दुसरं काय.

परवान्यासाठी त्याने हॉटेलच्या हॉलमध्ये वर्ग केला, बरोबर उत्तरावर खुणा करायची परीक्षा दिली, बोटांचे ठसे दिले. शिडी चढायची परीक्षा नव्हती म्हणून निभावलं, कारण खुर्चीवर उभं राहिलं तरी त्याचे पाय लटपटत. रस्त्यावरूनच दुर्बीण लावायची, छप्पर किती जुनं ते विचारायचं, आणि उत्तर काहीही येवो, ‘वारा नाही, वय’ असं लिहून, दावा फेटाळून मोकळं व्हायचं, ही त्याची पद्धत. किती घरं त्याने अशी उघडी ठेवली, देव जाणे.

परवाना टिकवायला अधूनमधून नीतिमत्तेचे तास भरावे लागत. ते कॉम्प्युटरवर. मध्येच पडद्यावर ‘आपण हजर आहात का?’ असं उमटे. व्हर्लिन तेव्हा खाडीत गळ टाकून बसलेला असे. हजर असे त्याची बायको अर्लीन. एका हाताने गंबोचा रस्सा ढवळत ती दुसऱ्या हाताने ‘होय’ दाबायची.

मोठ्या वादळानंतर तपासनीस कमी पडले की तात्पुरते परवाने निघत. त्यांना परीक्षा नको; जुन्या परवानेवाल्याने हमी दिली की झालं. व्हर्लिन अशा हमीच्या सह्या झिंग्यांसारख्या क्रॉफिशच्या जेवणावळीत, मसाल्याने माखलेल्या बोटांनी, मागेल त्याला ठोकून द्यायचा. कॉय मेलान्सों त्यातलाच. कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या या पोराला व्हर्लिनने कागदावर ‘अनुभवी’ केलं आणि हातातली बिअर संपायच्या आत आपली सगळी विद्या शिकवली.

त्या सप्टेंबरात वादळ व्हर्लिनच्याच घरावरून गेलं. अर्धं छप्पर शेजाऱ्याच्या तळ्यात जाऊन पडलं. आपल्या घराचा दावा आपणच तपासायला कायद्याने बंदी. दावा मंजूर झाला नाही, तर हिवाळा निळ्या ताडपत्रीखाली काढायचा. कंपनीने तपासनीस पाठवला, तो कॉय.

कॉय गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली.

“छप्पर किती जुनं, मिस्टर व्हर्लिन?”

“ते तळ्यात पडलंय, कॉय. तळ्यात बघ.”

“तळं आपल्या तपासात येत नाही. वय सांगा ना.”

व्हर्लिनने वय सांगितलं. कॉयने मान हलवली, अगदी व्हर्लिनसारखीच.

“वारा नाही दिसत यात. वय झालं होतं, म्हणून उडालं.”

“अरे, तुला छपरातलं काय कळतं?”

“तुम्ही शिकवलंत तेवढं कळतं,” कॉय म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. पोरगं मनापासून बोलत होतं, आणि तेच व्हर्लिनला झोंबलं.

गाडी गेल्यावर व्हर्लिन तणतणत घरात आला. या गाढवाची तक्रार करतो, त्याचा परवाना काढून घ्यायला लावतो, असं त्याचं सुरू झालं. अर्लीन गळतीखाली पातेली सरकवत होती.

“कर की,” ती म्हणाली. “पण याला अनुभवी म्हणाला कोण, असं विचारलं तर काय सांगशील? तुझाही जाईल.”

व्हर्लिनला पहिल्यांदाच आपल्या सहीची भीती वाटली.

त्याच आठवड्यात नीतिमत्तेच्या तासांची मुदत संपत होती. अर्लीनने कॉम्प्युटर त्यातल्या त्यात बऱ्या कोपऱ्यात मांडला.

“या खेपेला तूच बस. मला पातेली बघायची आहेत.”

तो बसला. बाहेर पावसाने धार धरली होती. पडद्यावर विचारणा झाली, आपण हजर आहात का? ताडपत्रीतून थेंब मानेवर पडला आणि पाठीवरून खाली गेला. व्हर्लिनने ‘होय’ दाबलं आणि गळ्यातला परवाना चाचपून पाहिला. त्या घरात कोरडा राहिलेला तेवढाच होता.