सातव्या महिन्यानंतरचा पत्ता

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी दाजी गेले. अक्काने जिन्याखालून मला हाक मारली. मी खाली आले. डॉक्टर आले आणि गेले. दुपारी एक वाजता दाजींना घोडनदीच्या काठावर नेलं.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दाजींना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. सापडलाच, तर तो जन्मात कधी एसटीत बसलेला नाही असं खुशाल समजावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं ते कंडक्टर होते आणि त्यातली बहुतेक वर्षं शिरूर, न्हावरे, केडगाव, दौंड याच रस्त्यावर गेली. मी इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि अक्काच्या घराच्या माडीवर राहते, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांची ड्यूटी कशी चालू राहिली ते मी रोज पाहिलं. घरात उभे असले की एक हात वर करून चौकट धरत. जमीन हलत नाही यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. लग्नाच्या मांडवात कुणी सांगितलेलं नसताना ते दारात उभे राहत आणि "पुढं सरका, पुढं मोकळं हाय, दारात गर्दी करू नका" म्हणत पाचशे माणसं पाच मिनिटांत बसवत. भाच्याच्या लग्नात मुलीकडच्यांनी त्यांना कार्यालयाचे व्यवस्थापक समजून वरणात मीठ कमी असल्याची तक्रार केली. दाजींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि आचाऱ्याला दोन शब्द सुनावूनही आले.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, थांबे राहत. आमचे प्राचार्य त्यांच्या लेखी 'इनामगाव फाटा' होते. माझी एक मैत्रीण वीस वर्षं आमच्या घरी येते, ती आली की अक्काला आत वर्दी जाई, "आगं, पारगाव आलंय, चहा टाक." मी एकदा न राहवून म्हटलं, "दाजी, माणसांना असं थांब्यावरून ओळखू नये."

"मग कशावरनं वळखायचं? तू पुस्तक नंबरावरनंच हुडकती न्हवं?"

 

चार वर्षांपूर्वी आमच्या घरासमोरच्या दोन गाळ्यांत एक कार्यालय उघडलं. पुण्याकडचं एक विद्यापीठ, आफ्रिकेतलं एक आणि युरोपातलं एक, अशा तीन विद्यापीठांनी मिळून हाती घेतलेलं ते काम होतं. गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी पडतं. शहरातल्या बाईला त्याची तपासणी आणि औषध वेळेवर मिळतं, वस्तीवरच्या बाईला मिळत नाही. ही तफावत कशी मिटवायची हे तीन देशांत एकाच पद्धतीने करून बघायचं, असं ठरलं होतं. तिन्हीकडे एकच फॉर्म, तोच क्रम, तेच प्रश्न. बाहेर पाटी लागली, तिच्यावर 'जागतिक आरोग्य' असे शब्द होते. दाजींनी रस्ता ओलांडून ती पाटी दोनदा वाचली आणि परत येऊन अक्काला सांगितलं, "जागतिक आरोग्य. मार्गे शिरूर." दुसऱ्या दिवसापासून ते तिथं जाऊन बसू लागले. कार्यालयाच्या प्रमुख डॉक्टरबाई पुण्याच्या, वयाने तिशीच्या आतबाहेर. त्यांनी आधी पाहुणे म्हणून चहा दिला, मग ज्येष्ठ नागरिक म्हणून पेपर दिला, आणि महिनाभराने, हा माणूस जात नाही हे ओळखून, कोणती वस्ती कोणत्या फाट्यावरून जवळ पडते ते विचारायला सुरुवात केली. पुढे त्यांनी दाजींना रीतसर कामावर घेतलं. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं त्या दिवशी दाजी ते घालून जेवले.

पण वर्ष सरता सरता कार्यालयात सुतकी कळा आली. गावोगावच्या गरोदर बायकांची नावं लिहिली होती, दर महिन्याला तपासणी होत होती, आणि सातवा महिना लागला की निम्म्या बायका दिसेनाशा होत होत्या. घराला कुलूप किंवा दारात सासू. दिलेल्या नंबरवर फोन केला तर तो नवऱ्याच्या खिशात वाजे आणि नवरा रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर असे. कॉम्प्युटरवर त्या बाईची ओळ लाल होई आणि तिच्यापुढे 'संपर्क नाही' असं येई. रक्ताची खरी गरज शेवटच्या दोन महिन्यांत, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांची पानं कोरी. वरून निरोप आला, पुढच्या तिमाहीत असंच राहिलं तर शिरूर या कामातून वगळावं लागेल. शिरूर वगळलं की इंजेक्शनं बंद, तपासणी बंद, वस्त्यांवर जाणारी गाडी बंद.

डॉक्टरबाई डोकं धरून म्हणाल्या, "मामा, या बायका जातात तरी कुठे?"

दाजींनी पेपर खाली ठेवला. "म्हंजी? तुमास्नी ठावं न्हाई?"

"नाही ना!"

"आवो डॉक्टरबाई, म्हायेरला जात्यात. पहिलं बाळातपण. वटी भरली की भाऊ न्हाईतर बाप न्यायला येतो. माझ्याच गाडीनं गेल्यात समद्या, तीस वरीस."

खोलीत सहा शिकलेली माणसं होती. त्यातल्या चौघींची बाळंतपणं माहेरी झाली होती. डॉक्टरबाईंचा स्वतःचा जन्म आजोळी, साताऱ्याचा. पण तीन विद्यापीठांतल्या विद्वानांनी मिळून केलेल्या फॉर्मात पत्त्याला एकच ओळ होती आणि सगळ्यांनी तिथं सासर लिहून घेतलं होतं. ज्या गोष्टीत आपण वाढतो ती कागदावर लिहायची असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी पुस्तकांत आयुष्य काढलं, मला तरी कुठे सुचलं होतं?

त्या लाल ओळींत एक मुलगी होती, न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवरची. तिच्या अंगात रक्त इतकं कमी होतं की डॉक्टरबाईंना रात्री झोप लागत नव्हती. घराला कुलूप, नवऱ्याचा फोन बंद, आणि शेजारणीला एवढंच माहीत, "दौंडाकडली हाय." दौंड तालुका काही लहान नाही. दाजी सरळ स्टँडवर गेले आणि उभ्या उभ्या कंडक्टर लोकांची बैठक घेतली. "न्हावऱ्यावरनं बसल्याली. पोटुशी. हिरवा चुडा आसंल. संगं न्यायला आल्यालं कोणतरी. कुठं उतरली?" तिसऱ्या कंडक्टरला आठवलं. बरोबर म्हातारा होता, त्याच्या मांडीवर फणसाएवढी पिशवी होती आणि प्रत्येक गतिरोधकाला तो ड्रायव्हरला शिव्या देत होता, म्हणून. दोघं केडगावच्या अलीकडच्या एका फाट्यावर उतरले होते.

दाजी कार्यालयातल्या नर्सबाईंना घेऊन गाडीने निघाले. फाट्यावर विचारपूस केली, पोटुशी पोरगी माहेरी आलेलं घर सापडलं, चहा झाला, पोहे झाले, आणि नर्सबाईंनी सुई काढली तेव्हा कळलं की ही ती नव्हेच. नर्सबाई चिडल्या. दाजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. "ही आपली न्हाई, पर पोटुशी हाय ना? मग लिवा की हिचं बी नाव." दुसरं घर ओढ्यापलीकडे निघालं. तिथं ती मुलगी बाजेवर पडली होती, ओठ पांढरे. म्हातारा बाप दारात आडवा आला. "कोण तुमी? सासरकडनं आलाय का?"

"एसटीकडनं," दाजी म्हणाले. म्हातारा बाजूला झाला.

त्याच गाडीने मुलीला दौंडच्या रुग्णालयात नेलं. दोन बाटल्या रक्त चढलं. तीन आठवड्यांनी तिला मुलगा झाला, आई-मूल सुखरूप. दाजी बाळ बघून आले आणि अक्काला म्हणाले, "ब्येस हाय. आईला आता चालताना धाप लागत न्हाई."

मग बैठक आली. दर महिन्याला तिन्ही विद्यापीठांची माणसं पडद्यावर भेटत. त्या महिन्यात डॉक्टरबाईंनी दाजींना शेजारी बसवलं आणि दाजींच्या हट्टाखातर मलाही मागे. पडद्यावर युरोपातले पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक होते, आफ्रिकेतल्या विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई होत्या. दाजी कडक टोपी घालून आले होते. पडद्यावर सगळे छोट्या छोट्या चौकटींत बसलेले पाहून ते मला म्हणाले, "बघ, समद्यांना खिडकी मिळालीया." डॉक्टरबाईंनी माहेरची गोष्ट इंग्रजीत समजावली. दाढीवाल्या प्राध्यापकांनी अगदी रास्त प्रश्न विचारला. सासरच्या घराजवळ दवाखाना आहे, रस्ता आहे, तपासणी चालू आहे. अवघडलेली बाई हे सगळं सोडून आडवाटेला का जाते? तिला इथंच थांबायला सांगता येणार नाही का?

डॉक्टरबाईंनी प्रश्न मराठीत करून दिला. दाजींनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "सायबांना सांगा, सासरी बाई दुखतंय म्हणत न्हाई. आईला सांगती. तुमास्नी दुखणं मोजायचं आसंल तर ते म्हायेरी घावंल. तुमचा समदा कागुद सासरी भरल्याला हाय."

डॉक्टरबाईंनी ते इंग्रजीत केलं. आफ्रिकेतल्या प्राध्यापकबाई आपल्या चौकटीत पुढे झुकल्या आणि हसू लागल्या. त्यांच्याकडेही पहिल्या खेपेला मुलगी आईकडेच जाते, म्हणाल्या. त्यांचीही पानं कोरी येत होती आणि त्या वर्षभर आपल्याच माणसांना रागावत होत्या. त्या स्वतःही आईकडेच गेल्या होत्या, असंही म्हणाल्या. दाढीवाले प्राध्यापक खाली मान घालून बराच वेळ काही लिहीत राहिले. शिरूर वगळलं गेलं नाही. पुढच्या महिन्यात नवा फॉर्म आला. त्यात दुसरा रकाना होता, 'सातव्या महिन्यानंतरचा पत्ता', आणि तो तिन्ही देशांत छापला गेला. मी ग्रंथालयात हजारो पुस्तकं हाताळली आहेत, पण आमच्या घरातल्या माणसाने जगाच्या एखाद्या कागदावर ओळ वाढवलेली तेवढीच. कामाचा जो अहवाल निघाला त्यात शेवटी आभार होते. विद्वानांच्या यादीत दाजींचं नाव होतं आणि पुढे 'निवृत्त वाहक'. डॉक्टरबाई म्हणत होत्या, 'क्षेत्र सल्लागार' लिहू. दाजींनी मोडून काढलं. "सल्ला कोण बी देतंय. गाडी आमी चालीवली." खरं तर गाडी ड्रायव्हर चालवतो, पण तीस वर्षांत कुठल्याच कंडक्टरला हे पटलेलं नाही.

पुढची तीन वर्षं दाजी त्या रकान्यामागे फिरले. भीमेपलीकडचं कोणतं माहेर कोणत्या फाट्यावर, पाऊस झाला की कुठला रस्ता बंद, कुठला बाप तापट, सगळं त्यांच्या डोक्यात. घरी आले की चौकट धरून अक्काला दिवसाचा हिशोब देत, किती पोरी, किती सुई, किती चहा. अक्का म्हणे, "सोताच्या शुगरची सुई कवा टोचून घेणार?" त्यावर ते म्हणत, "माझं म्हायेर न्हाई लिवल्यालं कुठं." मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं.

दाजी गेल्यानंतरचा आठवा दिवस होता. दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली, पोट पुढे, हातात कपड्यांची पिशवी, मागे अवघडलेला नवरा. बिहारची दोघं, नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात. तिने फॉर्मचा कागद पुढे केला. "मायके का पता यही लिखा है. बाबूजी ने लिखवाया था. बोले थे, सातवाँ लगे तो आ जाना." तिची आई वारलेली, गाव दोन दिवसांच्या अंतरावर. दुसरा रकाना कोरा ठेवला की कॉम्प्युटर पुढे जात नाही. दाजींनी आमचा पत्ता भरला होता. सासर म्हणून नाही, दवाखाना म्हणून नाही. माहेर म्हणून.

मी अक्काकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. "ह्या माणसानं घर लिवून दिलं आन् मला पत्ता न्हाई," ती म्हणाली. शेजारच्या काकू पुढे झाल्या. सुतकाच्या घरात पोटुशी बाई घेऊ नये, दोन दिवस थांबवा, नंतर बघू.

अक्का भिंतीचा आधार घेत उठली. "लेकीला बापाच्या घरात कसलं सुतक वो?" आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच हिंदीत, "आओ बाई अंदर. पाय जपके. उंबरा है."

त्या मुलीला फाल्गुनात मुलगी झाली. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा नवरा येतो आणि बाळाला घेऊन ओट्यावर बसतो. अक्का त्याला जावयाचा चहा देते, साखर जास्त. डॉक्टरबाईंना मी विचारलं, असा पत्ता आणखी किती जणींचा आहे? त्यांनी यादी पाहिली. आणखी दोघींचा आहे. एकीला सातवा चैत्रात लागतो, एकीला वैशाखात.

खालच्या खोलीत सध्या एकच पलंग आहे. अक्काने दुसरा सांगून ठेवला आहे.