बलरामचा उपास आणि देवानंद डॉक्टर

आमच्या मॉरिशसमधल्या सुरिनाम गावचा देवानंद म्हणजे भारी हसरा माणूस. शाळेत मास्तरांची छडी खाऊन बाहेर आला की त्यांचीच नक्कल करून आम्हाला हसवून लोळवायचा. आणि हाच पुढे झाला वेड्यांचा डॉक्टर! विलायतेहून परतल्यावर तुरुंगातलं काम त्याने मागून घेतलं. नव्या डॉक्टरांना तिथे शिकवायचाही तोच.

"आधी कैद्याचं घर समजून घ्या, मग रोग," तो सांगे. "कुणाच्या अंगात देवी येते, कुणी उपास धरतं. दिसेल त्याला सुई टोचाल, तर अर्धं मॉरिशस झोपून राहील!"

शिकाऊ पोरं हसायची. बोलणं खोटं नव्हतं, पण त्यानेच घात केला.

ब्रीझे वेर्दिएर गावचा बलराम, आपल्या मराठ्यांतलाच, मारामारी करून आत गेलेला. एकोणऐंशीच्या भाद्रपदात तो ताटातला भात खिडकीत ठेवू लागला. स्वतः जेमतेम दोन घास खाई. शिकाऊ डॉक्टर रीता घाबरली.

"दोक्तेर, तो खिडकीशी बोलतो. म्हणतो, ते जेवल्याशिवाय मला जेवायची बंदी आहे."

"आयो रीता! पितृपक्ष आहे. बापासाठी घास ठेवतोय."

"बाप वारलाय त्याचा?"

"नाहीतर घास कशाला ठेवील? तू मराठ्यांच्या घरची नाहीस, तुला नाही कळायचं."

पुढे नवरात्र बसलं. रीता पुन्हा आली, तर म्हणाला, "आता नऊ दिवसांचा उपास असेल." मग ती माघारी फिरली. गुरूपुढे किती बोलणार?

दसरा झाला तरी भात खिडकीतच. तेव्हा देवानंद धावत गेला. कानातले आवाज बलरामला जेवू देत नव्हते. इस्पितळात नेला, पण उशीर झाला होता. गेला बिचारा.

बातमी सांगायला देवानंद स्वतः निघाला, मला सोबत घेऊन. दार एका वाकलेल्या म्हाताऱ्याने उघडलं.

"बलरामच्या घरचं कुणी आहे का, काका?"

"मी बाप त्याचा. या, बसा. कसा आहे पोरगा माझा?"

देवानंद उंबऱ्यावरच थांबला. शेवटी मीच सांगितलं.

पुढे कितीतरी वर्षं त्याने शिकवलं. रीता मात्र बलराम गेल्यावर तुरुंगाचं काम सोडून गेली. तो तिच्या घरी दोनदा जाऊन आला.

"नाही येणार म्हणते," मला म्हणाला. "माझ्यानंतर तिथे तीच हवी होती रे."