गावच्या विहिरीजवळचा नारळ

तो पाणाड्या कराडकडून मोटारसायकलवर आला, तेव्हा डोक्याला लाल टॉवेल होता आणि हँडलला नारळांची पिशवी. नाव मी विचारलंच नाही. मला फक्त उसासाठी बोअरची जागा हवी होती. बाकीचं रान कोरडं निघाल्यामुळे मी त्याला गावच्या पिण्याच्या विहिरीलगतच्या कोपऱ्यात नेलं. तिथं परवानगीशिवाय बोअर मारायला कायद्यानं बंदी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ऊस वाळत होता, आणि त्यापुढे मी कायदा विसरायला तयार होतो.

तळहातावर आडवा नारळ ठेवून तो अनवाणी चालायचा. मध्येच थांबून नारळालाच म्हणायचा, "सांग गड्या." खाली पाणी असलं, की नारळ आपोआप उभा राहतो म्हणतात. विहिरीजवळ तो उभा राहू लागला. त्यानं अंगठ्यानं तो हळूच आडवा केला.

"उभा राहत होता की," मी म्हणालो.

"आवं, त्येला काय कळतंय? माझी भन ह्याच गावात दिलीया. ह्याच विहिरीचं पाणी पिती ती. हितं जागा दावली अन् विहीर आटली, तर भाऊबीजेला दारात तरी घील का मला?"

मला हसू फुटलं, त्यालाही. मग दगडावर नारळ फोडून त्यानं मोठी वाटी माझ्या हातात दिली. "पाणी न्हाई, तर खोबरं तरी घ्या."

खोबरं गोड निघालं. बोअर मी मारलं नाही. निम्मा ऊस राखला, निम्मा वैरणीला कापला. आता विहिरीवर पाणी भरणारी बाई दिसली, की हीच त्याची बहीण असावी असं वाटतं. रोज वेगळीच बाई असते, आणि रोज तसंच वाटतं.