शरणप्पाचा गुडघा आणि हवालदाराची टाच

शरणप्पा बिराजदार शुक्रवार पेठेतला टेलर. मूळचा सीमेवरच्या दुधनीचा, घरात कानडी, दुकानात मराठी. दिवसभर पायमशीनवर बसून पोट सुटलेलं. चाळिशी गाठली तेव्हा वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर चढला तरी त्याला धाप लागायची. म्हणून तो सकाळी किल्ल्यामागच्या मैदानाकडं पळायला जाऊ लागला. पोट कमी व्हायच्या आधी त्याला पळण्याचीच गोडी लागली. अंग तापलं, श्वास लयीत आला की डोक्यातली सगळी गिऱ्हाइकं गप्प व्हायची. पण हे सुख रावजी हवालदारानं त्याला नीट लाभू दिलं नाही.

रावजी फौजेतून निवृत्त झालेला. मैदानावरच्या पळणाऱ्यांचा म्होरक्या त्याला कुणी केलं नव्हतं, तो आपोआप झाला होता. सगळ्यांना ओळीत लावून डांबरी सडकेवर घ्यायचा आणि मागनं ओरडायचा, "छाती फुडं! टांग लांब टाका! टाच आपटा, जमिनीला कळू दे कोन आलंय!"

शरणप्पावर त्याचा विशेष राग. कुबड काढून, उजव्या अंगावर कलून पळणारा हा जाडा माणूस त्याची ओळ बिघडवायचा. "ए टेलर, पळतोस का काज करतोस?" असं तो रोज म्हणायचा आणि बाकीचे रोज हसायचे. शरणप्पा तसाच पळत राहायचा. पण दुकानात बसल्यावर कापडात कात्री घालताना त्याला रावजीची मान दिसायची. नंतर अंबुबाईला, म्हणजे बायकोला, हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं.

दिवाळीनंतर त्याच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागलं. पळायला लागलं की थोड्या वेळानं तिथं सुई घुसल्यासारखं व्हायचं.

"दुखतंय?" रावजी म्हणाला. "मंजी अंगाला लागतंय. दुखणं पळूनच मोडायचं असतं. का घरी बसतोस?"

घरी बसणं शरणप्पाला शक्यच नव्हतं. तो आता व्यायामासाठी पळत नव्हता, रावजीच्या नाकावर टिच्चून पळत होता. तो आणखी लांब टांगा टाकू लागला, आणखी जोरात टाच आपटू लागला. एका सकाळी मैदानाच्या वळणावर गुडघा दगा देऊन गेला आणि तो तोंडावर पडला. हनुवटी फुटली. रावजी जवळ आला, पण हात द्यायला नाही.

"बघून घ्या," तो बाकीच्यांना म्हणाला, "मशीनवरचं मानूस मशीनवरच ठेवावं."

लालसाब नावाचा ट्रक ड्रायव्हर त्यांच्यात पळायचा. त्यानं शरणप्पाला उठवलं आणि खांदा देऊन घरी आणलं.

सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरनं त्याला व्यायाम विभागातल्या बाईंकडं पाठवलं. बाई पुण्याकडच्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी त्याला चड्डीवर आरशासमोर उभं केलं.

"काय दिसतंय?"

"माणूस दिसतोय की," शरणप्पा तुसडेपणानं म्हणाला.

"उजवा खांदा बघा. कंबर बघा. आता एका पायावर उभे राहा."

उजव्या पायावर उभा राहताच त्याची डावी कंबर खाली घसरली, उजवा गुडघा आत वळला आणि तो डुलायला लागला. शरणप्पा शरमला. गिऱ्हाइकाचा खांदा जरा उतरता असला तरी तो दारातून ओळखायचा आणि आतून भर घालून कोट सरळ दाखवायचा. स्वतःचं वाकडेपण मात्र त्याला कधी दिसलं नव्हतं.

"वर्षानुवर्षं एकाच पायानं मशीन हाणता, एका अंगावर बसता," बाई म्हणाल्या. "कुल्ल्याच्या स्नायूत जीव नाही. त्यात पाय शरीराच्या पुढं लांब टाकून टाच आपटता. प्रत्येक दणका गुडघ्यात जातो. हे कुणी शिकवलं?"

"हाय एक शहाणा."

"मग त्याचं ऐका, नाहीतर माझं ऐका. दोन्ही जमणार नाही."

दीड-दोन महिने पळणं बंद झालं. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, पाठीवर झोपून कंबर उचलायची, भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहायचं. मशीनवर अधूनमधून पाय बदलायचा आणि उठून चार पावलं चालायचं. अंबुबाई म्हणायची, "अय्यो, पोरं शाळेत गेली अन् तुमी घरात लंगडी खेळताय!" तो तिच्यावर खेकसायचा, पण करायचं सोडायचा नाही. त्याला बरं व्हायचं होतं आणि रावजीच्या डोळ्यांदेखत पळायचं होतं. यातलं जास्त काय हवं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो मैदानावर परतला. सडक सोडून मातीवर, एकटाच. छोटी पावलं, पाऊल बरोबर शरीराखाली, खांदे सैल, आवाज न करता. सुरुवातीला थोडं पळणं, थोडं चालणं.

"कोंबडी चाललीया बगा!" रावजी सडकेवरून ओरडला.

पण दुखरी नडगी धरून बसणारे ओळीत आणखी होते. आधी लालसाब मातीवर आला, मग एकेक जण. रावजीची ओळ विरळ झाली. एका सकाळी तो समोरून पळत आला आणि मुद्दाम खांदा मारून त्यानं शरणप्पाला ढकललं.

"माजी मानसं फोडतोस?"

"तुजी मानसं? तू त्यांचे गुडघे फोडतोस की!" शरणप्पा पहिल्यांदाच ओरडला. दोघांनी एकमेकांचे गळे धरले. लालसाब मधे पडला नसता तर रक्त निघालं असतं.

त्यानंतर मे महिन्यात रावजी चक्क दुकानात आला. मुलीचं लग्न होतं. त्याची बायको गोजरबाई हटून बसली होती की कोट-पँट शिवायची तर शरणप्पाकडंच. ती कापड घेऊन दारात उभी, रावजी आत. शरणप्पा टेप लावून माप घेऊ लागला, तेव्हा त्याला दिसलं की हवालदार डाव्या पायावर भार देत नाही. पँटची लांबी घ्यायला तो खाली बसला. टाचेमागची जाड शीर सुजून बोटाएवढी झाली होती.

"टाच सुजलीय. पळू नका काही दिवस. दवाखान्यात बाई हायत, त्यांना..." शरणप्पा हळू आवाजात म्हणाला.

"माप घे. अक्कल शिकवू नगंस."

शरणप्पानं माप घेतलं. गोजरबाई दारातच होती. तिला सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. टेप गुंडाळताना त्याला आत कुठंतरी गार वाटत होतं.

चार दिवसांनी सडकेवर ओरडत पळताना रावजीची टाचेमागची ती शीर तुटली. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो मागं वळला, कुणी लाथ मारली असं वाटून शिवी दिली, आणि बसला. मागं कुणीच नव्हतं. त्याला लालसाबच्या ट्रकमध्ये घालून नेताना शरणप्पा मातीवर उभा होता. तो पुढं गेला नाही. घरी आल्यावर त्यानं पोटभर जेवण केलं.

पण नंतर झोप लागेना. गोजरबाईला एक शब्द बोलायला काय झालं होतं, हे त्याला टोचत राहिलं. रावजीच्या पायाला प्लास्टर घातल्यावर तो त्याला भेटायला गेला. रावजी खाटेवर पडलेला.

"मजा बघाया आलास?"

"न्हाय. पँटचा डावा पाय उसवून मोठा करतो म्हनलं. प्लास्टर बसायला पायजे लग्नात."

"भाईर हो."

शरणप्पा बाहेर आला. पँट मात्र त्यानं उसवली आणि गोजरबाईच्या हाती दिली. लग्नाचं बोलावणं आलं नाही.

पुढं रावजीही दवाखान्यातल्या त्याच बाईंकडं जातो असं लालसाबकडून कळलं. प्लास्टर निघाल्यावर तो आपल्या दाराच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करायचा. शरणप्पा गल्लीत दिसला की लगेच थांबायचा आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा उभा राहायचा. दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. मैदानाकडं जायला दुसरा, जवळचा रस्ता होता. तरी शरणप्पा रोज त्याच गल्लीतून जायचा, आणि त्या दारासमोर आला की रावजीच्या टाचेकडं बघत पाऊल मुद्दाम हळू करायचा.